नेतृत्व-दैनंदिनी : पाने एक ते एक्क्याण्णव

ही हकिगत २०२३ सालच्या ऑक्टोबरच्या एक तारखेला सुरू झाली आणि २०२४ सालच्या एप्रिलच्या एक तारखेला दुपारी चार वाजता संपली. तारखा मुद्दाम देते आहे. माझी स्मरणशक्ती आमच्या भागात प्रसिद्ध आहे आणि लोक तिच्याविषयी बोलतात तेव्हा मी त्यांना अडवत नाही.

रुग्णालय रुग्णांशिवाय काही दिवस चालतं. डॉक्टरांशिवायही चालतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण नेतृत्व नसेल, तर ते चालत आहे हे कोणाला कळतच नाही. आमचं खारशेतचं धर्मार्थ रुग्णालय असंच पन्नास वर्षं कोणाला न कळता चालत होतं. तळा गावाहून खाडीच्या अंगाला उतरलं की डाव्या हाताला लागतं. तीस खाटा, एक रुग्णवाहिका, दोन वॉर्ड आणि बायकांच्या वॉर्डाबाहेर खिडकीखाली एक सिमेंटचा बाक.

मी तिथे १९७१ साली परिचारिका म्हणून लागले आणि २००८ साली निवृत्त झाले. माझ्या वेळी डॉ. दत्तात्रेय गुप्ते होते. त्यांची व्यवस्थापनपद्धत अगदी मागासलेली होती. सकाळी सातला यायचे, वॉर्डात शिरायचे आणि पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत प्रत्येक खाटेखाली वाकून बघायचे. खाली स्वच्छ असेल तर वरच्या माणसाची काळजी घेतली जाते, असा त्यांचा समज होता. पस्तीस वर्षं ते वाकत राहिले. आपण हे जे करतो त्याला व्यवस्थापन म्हणतात, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्याच अज्ञानात ते वारले.

२०२२ साली मात्र संस्थेचे अध्यक्ष अल्पेशभाई वखारिया यांनी मुंबईहून आम्हाला नेतृत्व पाठवलं. त्यांचं नाव डॉ. हर्षद यशवंतराव चौलकर, मुख्य कार्यकारी अधिकारी तथा वैद्यकीय नेतृत्वप्रमुख. (पाटीवर हे चार ओळींत मावलं. पाचव्या ओळीत बाण काढून ‘शौचालय’ असं लिहिलेलं होतं, ते पुसलं.) साहेब उंचेपुरे, बोलायला गोड आणि मनाने वाईट मुळीच नव्हते. कोणावर ओरडत नसत. त्यांचा फक्त एका गोष्टीवर गाढ विश्वास होता: जिथे एखादं काम होतं, तिथे ते करवणारा कोणीतरी असतोच, आणि आमच्या रुग्णालयापुरता तो कोण, हा प्रश्न त्यांच्यासाठी सुटलेला होता.

आता काशीबद्दल. काशी बायकांच्या वॉर्डातली आया. २००२ साली माझ्याच हाताखाली लागली. दर अकरा महिन्यांनी तिचा करार संपायचा, मग एक दिवस ती घरी बसायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अकरा महिने तात्पुरती व्हायची. अशी ती बावीस वर्षं तात्पुरती होती. कायम नोकरांना संस्थेचा बिल्ला मिळतो, पांढऱ्या पट्टीवर निळ्या अक्षरांत नाव. तात्पुरत्यांच्या बिल्ल्यावर नुसतं ‘तात्पुरती’ एवढंच असतं. वीस वर्षं झालेल्यांना १ एप्रिल २०२४ पासून कायम करण्याचा विचार संस्था करत आहे, असं पत्र आलं आणि काशीने ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

“सिस्टर, म्हंजे बिल्ल्यावर माझं नाव येनार?”

“विचार करत आहे, असं लिहिलंय.”

“करू दे. बावीस वरसं केलाच न्हाय, आता करतोय तर करू दे. पन नाव येनार ना?”

नातीच्या शाळेत पालकांना बोलावतात तेव्हा तिथली शिपाईण बिल्ला वाचून ‘तात्पुरती आली, तात्पुरती आली’ म्हणून हसते, हे तिने मला नंतर सांगितलं. नात आता सातवीत होती आणि तिला ते कळायला लागलं होतं.

त्याच सुमारास साहेबांच्या हाती ‘आरोग्य-नेतृत्व गौरव’ या पुरस्काराचा अर्ज पडला. मुंबईतल्या एका व्यवस्थापन विचारमंचाने तो काढला होता. अर्ज बावीस पानी होता. पहिल्याच पानावर ठळक व्याख्या होती: ‘नेता म्हणजे स्वतः काम न करता इतरांकडून काम करवून घेणारी व्यक्ती.’ पुढे प्रश्न होते. आपले स्वप्न चाळीस शब्दांत सांगा. आपण एखादा पक्षी असता तर कोणता? (साहेबांनी गरुड लिहिलं. चहा घेऊन आलेली काशी म्हणाली, “कावळा लिवा साहेब. गरुड हितं कोनी बघितलाय?” तिचा अभिप्राय विचारात घेण्यात आला नाही.) सोबत सात छायाचित्रं हवी होती. फोनवर बोलताना एक, भिंतीकडे बोट दाखवताना एक, खिडकीबाहेर पाहताना एक, रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून एक, आणि हातांची घडी घालून तीन, तिन्ही बाजूंनी. हातांची घडी ही आरोग्य-नेतृत्वाची जगभर मान्य असलेली खूण आहे. (घडी घातलेल्या हातांनी काहीच करता येत नाही. त्यामुळे काम दुसरीकडे कुठेतरी नीट चाललं आहे, अशी पाहणाऱ्याची खात्री पटते.) गळ्यातला स्टेथोस्कोप वॉर्डातल्या क्रांती सिस्टरचा होता. खांदा ठमाबाईंचा होता. ठमाबाई म्हणजे आमच्या खाट क्रमांक सातच्या कायमच्या रुग्ण, वय ऐंशीच्या पुढे. छायाचित्र काढताना त्यांनी फक्त “हात उचल बाबा, दुखतोय” एवढंच म्हटलं, पण छायाचित्रात आवाज येत नाही.

शेवटची अट मोठी होती. नव्वद दिवसांची दैनंदिनी हवी. नेत्याने रोज काय व्यवस्थापित केलं त्याची नोंद, आणि रोज खाली सही: ‘वरील सर्व कामे मी स्वतः केली.’

मी तेव्हा गुडघ्याला शेक घ्यायला रोज रुग्णालयात जात असे. साहेबांनी मला गाठलं. “सिस्टर, तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुम्हीच लिहा.”

बहात्तर वर्षं उलटल्यावर कोणी अक्षराचं कौतुक केलं की माणूस काहीही लिहायला तयार होतो. मी झाले.

रोज दुपारी चारला मी खिडकीखालच्या बाकावर वही घेऊन बसे. ज्याने जे केलं ते सांगून जाई. पहिल्या दिवशी मी जुन्या सवयीने लिहिलं: ‘काशीने खाट क्र. सातची चादर बदलली. काशीने पेज भरवली. वॉर्डात कुत्रं शिरलं, काशीने हाकललं.’ साहेबांनी लाल शाईने काशीचं नाव तिन्ही ठिकाणी खोडलं आणि मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं.

“सिस्टर, चादर कोणी बदलली हा तपशील झाला. ती बदलली जावी असं वातावरण कोणी निर्माण केलं?”

मी आठवून पाहिलं. ठमाबाईंनी चादरीवर चहा सांडला होता. पण तसं मी म्हटलं नाही. कामाच्या वरच्या अंगाला जो असेल त्याच्या नावावर काम लिहायचं, ही पद्धत मला एका दुपारीच आली. शिक्षण सोपं होतं. नमुन्यादाखल काही नोंदी देते, वही माझ्याकडेच आहे.

भिकू ड्रायव्हरने रुग्णवाहिकेचं चाक बदललं. दैनंदिनीत: ‘वाहतूक व्यवस्थेतील अडथळा ओळखून तो तत्परतेने दूर केला.’

पेज थंड आहे म्हणून ठमाबाईंनी वाटी ढकलली. दैनंदिनीत: ‘रुग्णांशी आहारविषयक खुला संवाद साधला.’

क्रांती सिस्टरने जुळ्यांचं बाळंतपण पार पाडलं. दैनंदिनीत: ‘दोन नवीन लाभार्थींचे सुखरूप आगमन घडवून आणले.’ (त्या वेळी साहेब अल्पेशभाईंना घ्यायला मांडव्याच्या धक्क्यावर उभे होते. बोट दोन तास उशिरा आली. त्या दोन तासांची नोंद ‘सागरी संपर्काचा आढावा’ अशी केली.)

जेवणानंतर साहेबांचा डोळा लागला. दैनंदिनीत: ‘दीर्घकालीन चिंतन.’

काही सुचेनासं झालं की ‘समन्वय साधला’ असं लिहायचं. मी एकशे चौऱ्याऐंशी वेळा समन्वय साधला आहे.

काशी रोज येऊन आपली कामं सांगायची आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला लिहिताना पाहायची. तिला वाचता येत नाही. एकदा तिने विचारलं, “सिस्टर, एवढं माझंच लिवताय व्हय?”

“तुझंच लिहितेय,” मी म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं.

“मग बरं हाय,” ती म्हणाली. “मुंबईवाल्यांना कळंल तरी.”

डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला नव्वद दिवस पूर्ण झाले. एकूण नोंदी दोन हजार तीनशे सतरा. जानेवारीत साहेबांना पुरस्कार मिळाला. काचेचा, त्रिकोणी, साडेतीन किलोंचा. निवड समितीने दैनंदिनीचा खास उल्लेख केला आणि ‘सुवाच्य’ असा शब्द वापरला. मी ते कात्रण कापून ठेवलं आहे, हे कबूल करते.

इथवर सगळं रीतसर झालं होतं. अडचण अशी झाली, की दैनंदिनी कोणीतरी खरोखर वाचली.

अल्पेशभाईंची मुलगी हेमाली रुग्णालय-प्रशासन शिकून आली होती. कोणाला कायम करायचं, कोणाचा करार संपवायचा, हे पुराव्याने ठरवायचं असं तिने जाहीर केलं आणि फेब्रुवारीत पुरावा मागितला. पुरावा म्हणून संस्थेकडे एकच कागद होता: पुरस्कारप्राप्त, सुवाच्य, रोजच्या सहीचा. मुलगी प्रामाणिक. तिने दोन हजार तीनशे सतरा नोंदी संगणकात भरल्या, प्रत्येक कामाला लागणारा वेळ धरला आणि बेरीज केली. डॉ. हर्षद यशवंतराव चौलकर रोज सरासरी एकसष्ट तास काम करत होते. रुग्णालयातले बाकीचे एकेचाळीस जण मिळून शून्य मिनिटं.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. वही माझ्या अक्षरातली, म्हणून मलाही बोलावलं. अल्पेशभाई आनंदाने खुर्चीतून अर्धे उठले होते.

“अरे वा, डॉक्टरसाहेब! एकलो माणस बधुं करे छे! एकटा माणूस सगळं करतो! आपल्या दुकानात बारा माणसं, असा एक पण नाय!”

“सर, यात संघभावना आहे,” साहेब म्हणाले.

“संघ कुठल्या पानावर आहे?” हेमालीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच पान हवं होतं. “मी शोधला. काशी हे नाव फक्त पहिल्या दिवशी येतं, तीनदा. तिन्ही वेळा खोडलंय.”

“ती लेखनातली चूक होती.”

“अगं, ती सगळी कामं काशीचीच आहेत,” मी म्हटलं. “निम्म्याहून जास्त. मला माहीत आहे, मीच लिहिलंय ना.”

हेमालीने वही माझ्यापुढे फिरवली. “सिस्टर आंटी, तुमच्याच अक्षरात लिहिलंय की साहेबांनी केली. किती सुंदर अक्षर आहे तुमचं.”

मी वही मिटून तिच्याकडे सरकवली.

साहेबांपुढे दोन वाटा होत्या. दैनंदिनी खोटी आहे असं सांगायचं, किंवा काशीची गरज नाही असं सांगायचं. काचेचा त्रिकोण टेबलावरच होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं (तिसऱ्या छायाचित्रातल्यासारखं) आणि म्हणाले, “कठीण निर्णय घ्यावे लागतात.”

असं ठरलं: पाच तात्पुरत्यांचे करार ३१ मार्चला संपतील, पुढे नाहीत. आयांचं पदच रद्द. आणि १ एप्रिलला विचारमंचाची चार माणसं ‘एकहाती रुग्णालय’ पाहायला येतील. त्या दिवशी बायकांचा वॉर्ड दैनंदिनीबरहुकूम चालेल. औषधं आणि सुया तेवढ्या क्रांती देईल, कारण तिथे कायदा आड येतो. बाकी सगळं साहेब करतील, जसं ते रोज करतच होते. नोंद मी ठेवीन.

काशीला मीच सांगितलं.

“तुमी तर माझंच लिवत व्हता ना?”

“लिहीत होते.”

“मग?”

मी पन्नास वर्षांत कितीतरी लोकांना कितीतरी वाईट बातम्या सांगितल्या आहेत. त्यांतल्या कुठल्याच बातमीत अक्षर माझं नव्हतं.

१ एप्रिल, सोमवार. सकाळी सातला काशी चाव्या परत करायला आली. एका कडीत चौदा चाव्या, एकीलाही चिठ्ठी नाही. तिने कडी साहेबांच्या हातात दिली, ‘तात्पुरती’चा बिल्ला टेबलावर ठेवला आणि बाहेर बाकावर येऊन बसली, कारण तिच्या गावाकडची एस.टी. चारला होती. भिकूही तिच्या शेजारी येऊन बसला. तोही त्या पाचांतलाच. खिडकी उघडीच होती. विचारमंचाची चार माणसं व्हरांड्यात भिंतीशी हातांची घडी घालून उभी राहिली. मी स्टुलावर, वही मांडीवर. पान एक्क्याण्णव.

७.१५ ते ७.४० या वेळात साहेबांनी वॉर्डाचं दार उघडण्याचा प्रयत्न केला. (कुत्री शिरतात म्हणून रात्री त्याला कुलूप असतं.) आधी चावी सापडेना, मग चावी सापडली तर दार हलेना. पंचवीस मिनिटं काशीने कळ काढली. मग तिला राहवेना.

“साहेब, आधी उचला, मग ढकला! नुसतं ढकलून न्हाय उघडायचं ते!”

साहेबांनी उचललं, ढकललं. दार उघडलं.

मी पेन हातात घेऊन थांबले. कामाच्या वरच्या अंगाला जो असेल त्याच्या नावावर लिहायचं, हे मला साहेबांनीच शिकवलं होतं आणि मी नव्वद दिवस ते इमानाने पाळलं होतं. आता एकाच दिवसासाठी पद्धत बदलणं बरं दिसलं नसतं. मी लिहिलं: ‘७.४०. काशीबाईंच्या मार्गदर्शनाखाली साहेबांनी वॉर्डाचे दार उघडले.’

एकदा पद्धत लागू झाली की पुढचं सोपं असतं.

‘७.५५. काशीबाईंच्या मार्गदर्शनाखाली साहेबांनी पेज गरम केली. (शेगडीचे बटण उलटे फिरते.)’

‘८.२०. ठमाबाईंना गोळी पाण्यासोबत चालत नाही, पेजेसोबत चालते, हे धोरण काशीबाईंनी स्पष्ट केले. साहेबांनी पेज दुसऱ्यांदा गरम केली.’

साडेआठच्या सुमाराला ठमाबाईंना शौचाचं भांडं हवं झालं. साहेब ते घेऊन आले तेव्हा त्यांनी साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तू कोन रे बाबा?”

“आजी, मी इथला मुख्य कार्यकारी अधिकारी.”

“असशील. काशी कुठं हाय?”

“आज सगळं मीच करणार आहे.”

“कर की. पन भांडं गरम पान्यानं धुतलंस का? थंडगार असतं ते. आनि तिकडं तोंड करून उभा रहा. ते चार जन बी. हातांची घडी घालून काय बघताय मेल्यांनो, नाटक हाय का?”

चौघांनी भिंतीकडे तोंड केलं. आरोग्य-नेतृत्वाच्या इतिहासात ही पहिलीच वेळ असावी. बाकावरून भिकू म्हणाला, “साहेब, गिझर तीन नंबरच्या खटक्यावर हाय!” आणि मी ‘भिकूजींच्या तांत्रिक सल्ल्यानुसार’ अशी नोंद केली.

मी साहेबांवर अन्याय करणार नाही. त्या दिवशी त्यांनी काम टाळलं नाही. दहापर्यंत कोट निघाला, अकरापर्यंत बाह्या वर गेल्या. सात चादरी बदलल्या, कोपरे काशीने खिडकीतून सांगितले तसे दुमडले. खाट क्रमांक तीनखाली चेंडूसारखी काहीतरी वस्तू गेली म्हणून ते वाकले (संत्रं होतं), आणि वाकल्यावर तिथेच थोडा वेळ थांबले. खाटेखाली काय काय असतं ते ते पहिल्यांदाच पाहत असावेत. मला गुप्ते डॉक्टरांची आठवण झाली. ती मात्र मी नोंदवली नाही.

दुपारी एकनंतर तर साहेब स्वतःच खिडकीशी येऊन विचारू लागले, “काशीबाई, आता काय?” बावीस वर्षांत ‘काशीबाई’ असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. मी वहीत लिहून लिहून सकाळपासून म्हणत होते, पण ते तिला कुठे वाचता येत होतं. ती चटकन पदर सावरून उभी राहिली. मग पुन्हा बसली, आणि बसूनच म्हणाली, “आता पाच नंबरवालीच्या पाठीला तेल लावा. हळू. तिला गुदगुल्या व्हतात.”

साडेतीनला साहेबांनी वही मागितली. घामाने चष्मा घसरत होता. त्यांनी काहीही न वाचता शेवटच्या ओळीखाली सही केली: ‘वरील सर्व कामे मी स्वतः केली.’ एक्क्याण्णव पानांत ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा खरं होतं.

अल्पेशभाईंबरोबर तीनला येऊन पोचलेल्या हेमालीने मात्र वाचलं. ती पुराव्याची मुलगी. तिथेच स्टुलावर बसून तिने मोजलं. एकूण चौसष्ट कामं. पैकी काशीच्या मार्गदर्शनाखाली एक्कावन्न, ठमाबाईंच्या सात, भिकूच्या सहा. साहेबांनी स्वतःच्या मार्गदर्शनाखाली केलेली शून्य. मग तिने अर्जाचं पहिलं पान काढलं आणि व्याख्या मोठ्याने वाचली.

“स्वतः काम न करता इतरांकडून काम करवून घेणारी व्यक्ती.” तिने वर पाहिलं. “पप्पा, या व्याख्येप्रमाणे आज इथली नेता बाकावर बसली आहे.”

विचारमंचाच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. व्याख्या त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना मान हलवावी लागली.

अल्पेशभाई खिडकीशी गेले. “काशीबेन, तुमी जाऊ नका. तुमाला कायम करायचा.”

आता एक अडचण उरली. आयांचं पद बैठकीत रद्द झालं होतं आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे रद्द झालेलं पद लगेच परत आणता येत नाही. रिकामं होतं ते एकच: ‘मार्गदर्शन अधिकारी’. कामाच्या वर्णनात लिहिलं होतं, की या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष कोणत्याही कामास हात लावू नये.

“मला कायबी म्हना,” काशी म्हणाली. “बिल्ल्यावर नाव टाका म्हंजे झालं.”

चारची एस.टी. गेली. तिने अंगठा उमटवला, चौदा चाव्यांची कडी साहेबांच्या हातातून काढून घेतली आणि दार उचलून, ढकलून आत गेली, कारण ठमाबाईंना पुन्हा भांडं हवं होतं. कामाचं वर्णन तिला अजून कोणी वाचून दाखवलेलं नाही.

आता ज्याचं त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

डॉ. हर्षद यशवंतराव चौलकर त्याच वर्षी दिवाळीत नवी मुंबईकडच्या तीनशे खाटांच्या रुग्णालयात वरच्या जागेवर गेले. आता ते ‘कर्मचाऱ्यांकडून शिकणारा नेता’ या विषयावर व्याख्यानं देतात आणि त्यासाठी त्यांना दुसरा पुरस्कार मिळाला आहे. हमरस्त्यावरच्या फलकावर ते हातांची घडी घालून उभे आहेत. पण भिकू त्यांना एकदा भेटून आला. तो सांगतो, की ते आता कुठलंही दार आधी थोडं उचलतात.

हेमाली महिन्यातून एकदा येते आणि आधी बाकावर बसते, मग खोलीत जाते. अल्पेशभाई अजूनही मांडव्याला उतरल्यावर भेटेल त्याला विचारतात, की तुमच्याकडे एक माणूस किती माणसांचं काम करतो.

ठमाबाई एप्रिलमध्ये बऱ्या होऊन घरी गेल्या. सुनेचा कंटाळा आला की त्या पुन्हा आजारी पडतात. खाट क्रमांक सात.

क्रांतीला स्टेथोस्कोप अजून परत मिळालेला नाही. तो फलकावर आहे.

भिकूला पुन्हा अकरा महिन्यांवर घेतलं, पण तो तात्पुरताच राहिला. सहा नोंदींवर कायम करता येत नाही, असं विश्लेषणात निघालं. आणखी एखाददुसरी नोंद मी लिहू शकले असते. दुपारी त्याने पाण्याचा पंप कसा सुरू करायचा ते ओरडून सांगितलं, तेव्हा मी पेनात शाई भरत होते. हे त्याला ठाऊक नाही.

काचेचा त्रिकोण साहेब न्यायला विसरले. बायकांच्या वॉर्डाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो आता तिथे लावलेला असतो. साडेतीन किलोंचा असल्यामुळे काम चोख करतो.

राहिला काशीचा बिल्ला.

तो छापायला टाकायचा होता त्या दिवशी मला कार्यालयातून फोन आला. “सिस्टर, बिल्ल्यावर पूर्ण नाव लागतं. जुन्या कागदांत सगळीकडे नुसतं ‘काशी, आया’ एवढंच आहे. तुमची स्मरणशक्ती दांडगी, म्हणून विचारतो. तिचं आडनाव काय?”

मला गुप्ते डॉक्टरांच्या स्कूटरचा नंबर आठवत होता. १९७८ साली झालेल्या तिळ्यांची तिन्ही नावं आठवत होती. विचारमंचाच्या व्याख्येतला शब्द न् शब्द पाठ होता. मी म्हटलं, “बघून सांगते,” आणि छत्री घेऊन वॉर्डात गेले. काशीला विचारलं, तेव्हा ती भांडं पुसत होती. ती इतकी हसली की ठमाबाई जाग्या झाल्या.

मग तिने सांगितलं. मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. बिल्ला आला, पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं. तो लावून ती नातीच्या शाळेतही जाऊन आली.

ते आडनाव इथे लिहावं असं माझ्या मनात होतं. पण मग वाटलं, इतकी पानं तुम्ही वाचलीत, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं नाव तुम्हाला वडिलांच्या नावासकट पाठ झालं असेल, अध्यक्षांचं आडनाव लक्षात असेल, वारलेल्या डॉक्टरांचंसुद्धा. काशीचं आडनाव मी कुठेच सांगितलं नाही, हे तुम्हाला कितव्या पानावर खटकलं? खटकलं असेल तर खारशेतला या. बिल्ला तिच्या छातीवरच असतो, वाचून जा.

नसेल खटकलं, तरी हरकत नाही. दैनंदिनीत एक पान शिल्लक आहे. ते मी तुमच्यासाठी आखून ठेवलं आहे, मजकूरही घालून ठेवला आहे, तुम्ही फक्त खाली सही करायची: ‘वरील सर्व मी स्वतः, काळजीपूर्वक वाचले.’